खाडीच्या चोपड्यातील जमाखर्च

नाशिककरांना गोदावरीचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ज्या त्र्यंबकच्या डोंगररांगेतून ती पूर्वेकडे निघते, त्याच रांगेत पश्चिमेकडे वाहणाऱ्या वैतरणेचाही उगम आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. इगतपुरी तालुक्यातील अप्पर वैतरणा धरणात अडलेले तिचे पाणी पुढे मोडकसागरात उतरते आणि भातसा, तानसा यांच्या पाण्यासह मुंबईच्या घराघरांत पोहोचते. घाटकोपर, भांडुप, मुलुंड येथे राहणारे आपले आप्तेष्ट सकाळी जो नळ उघडतात, त्यात नाशिक जिल्ह्यातील पावसाचाही वाटा असतो. व्यापारी मनुष्य माल कोठून आला एवढेच पाहत नाही. तो कोठे गेला, याचीही नोंद ठेवतो. मग वापरून झालेले हे पाणी कोठे जाते? पूर्व उपनगरांपुरते त्याचे उत्तर सरळ आहे. त्याचा मोठा भाग ठाण्याच्या खाडीत जातो.

ही खाडी ठाणे शहरापासून दक्षिणेस मुंबई बंदरापर्यंत सुमारे २६ किलोमीटर पसरली आहे. एका तीरावर मुंबई, दुसऱ्या तीरावर नवी मुंबई. दोन्हीकडे कारखाने, महामार्ग आणि उंच इमारतींची दाटी. अशा ठिकाणी अभयारण्य असेल, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. परंतु ६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य शासनाने येथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केले. त्यातील निम्म्याहून अधिक भाग खारफुटीचा, उरलेला पाण्याचा. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीतही २०२२ मध्ये या खाडीचा समावेश झाला.

खाडी म्हणजे नदीही नव्हे आणि समुद्रही नव्हे. दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटी मागे फिरते आणि गोडे व खारे पाणी सतत मिसळत राहते. या मिश्रणात जगू शकतील असेच जीव येथे टिकतात. तिवराचे झाड मुळांतून आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून त्याची श्वासमुळे बोटांसारखी जमिनीबाहेर डोकावतात. ओहोटीच्या वेळी निवटी नावाचे मासे पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतात. एक नांगी अवाजवी मोठी असलेले इवलेसे खेकडे बिळांतून बाहेर पडतात. खारफुटीच्या आडोशाला कोल्हेही राहतात. आपल्या वडीलधाऱ्यांची एक रीत येथे आठवते. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात नाही. त्यामागचा विचार सूक्ष्म होता. जीव वाचवायचा, तर त्याचे स्वतःचे पाणीही वाचवावे लागते. खाडीतील जीवसृष्टीचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावला आहे.

या खाडीचे सर्वांत लक्षवेधी पाहुणे म्हणजे फ्लेमिंगो. मराठीत यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, गुजरातेत सुरखाब. थोरला आणि धाकटा अशा दोन्ही जाती येथे येतात. संख्येने धाकटे अधिक. साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीपासून ते येऊ लागतात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याचे दिसून आले आहे. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलमिश्रित पाणी आत घेतात आणि चोचीच्या कडेला असलेल्या कंगव्यासारख्या दातऱ्यांतून गाळून बाहेर टाकतात. धाकट्याच्या वाट्याला मुख्यतः सूक्ष्म शेवाळ येते. थोरला बारीक जलचरही टिपतो. पंखांचा गुलाबी रंग याच आहारातील रंगद्रव्याचा. पिल्लू जन्मते तेव्हा करडे असते. रंग पुढे हळूहळू चढतो.

त्यांचे माहेर कच्छच्या रणात आहे. तेथे उथळ पाण्यात चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर मादी बहुधा एकच अंडे घालते आणि नर-मादी दोघेही आपल्या गळ्यात तयार होणारा पौष्टिक रस पिल्लाला भरवतात. २०२२ मध्ये काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा त्यांचा मुंबई, भावनगर, कच्छ असा मार्ग नकाशावर प्रत्यक्ष दिसला. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज याच मार्गाने उलट दिशेने पोटापाण्यासाठी मुंबईस आले. पाहुणा परका नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. मुंबईत फ्लेमिंगोंचे मोठे थवे दिसू लागले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून. त्यामागे जी कारणे सांगितली जातात, त्यांपैकी एक आपल्याला अवघडून टाकणारे आहे. शहराच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ फोफावते आणि तेच शेवाळ या पक्ष्यांचे अन्न आहे. म्हणजे आपल्या मैल्याने पाहुण्यांची पंगत वाढली! यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सांडपाणी सोडण्यात गैर काही नाही. पण व्यापारातील अनुभवी माणसाला हा हिशेब फसवा वाटेल. केवळ उधारीवर विक्री वाढली, तर तिला भरभराट म्हणत नाहीत. त्याच खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या कोळी बांधवांना विचारले तर ते सांगतात की जाळ्यात मासळी कमी आणि प्लॅस्टिक जास्त येते. एका खात्यावरची जमा पाहून सबंध पेढी नफ्यात आहे असे समजणारा मुनीम कोणी ठेवीत नाही.

दुसरी बाब सीमारेषेची. फ्लेमिंगो ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात. भरतीचे पाणी चढले की त्यांना उभे राहायला जागा उरत नाही. तेव्हा ते नवी मुंबईतील उथळ तलावांकडे उडतात. हे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाली, २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला आणि त्या दिवसांत परिसरात पक्षी मेलेले आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरच्या आकाशात मुंबईस उतरणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसून ३९ पक्षी मरण पावले. वस्तीतील रस्त्यांवर त्यांचे देह विखुरले होते. निवाऱ्याच्या जागा बिघडल्यामुळे पक्षी अवेळी भरकटत आहेत काय, हा प्रश्न तेव्हा अनेक पक्षीप्रेमींनी विचारला. २०२५ मध्ये त्या नेरुळच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. नागरिकांनी नेटाने पाठपुरावा केला, म्हणून हे घडले. जेवणाचे दालन राखून ठेवायचे आणि विश्रांतीची खोली विकून टाकायची, असे आतिथ्य कोणत्या घरात चालेल?

हा प्रश्न आपल्या समाजापासून दूर नाही. आपल्यापैकी अनेकांची गुंतवणूक नवी मुंबईतील जागांत आहे. काहीजण स्वतः बांधकामाच्या व्यवसायात आहेत. खाडीचे दर्शन घडविणाऱ्या घराला अधिक मोल मिळते, हेही आपण जाणतो. अशा वेळी जागेचे कागद पाहताना ती पाणथळ किंवा खारफुटीची तर नव्हती ना, भरतीच्या पाण्याची वाट त्यामुळे अडत तर नाही ना, एवढी चौकशी करणे हे आपले कर्तव्य ठरते. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे कडक निर्बंध आहेत. त्यामुळे ही चौकशी धर्माइतकीच व्यवहाराचीही आहे.

जीवदयेच्या बाबतीतही थोडा विवेक हवा. हिवाळ्यात गेट वेहून बोटीने जाताना कुरव पक्ष्यांना गाठिया आणि शेव उधळणारे पुष्कळ लोक दिसतात. हेतू पुण्याचा असतो. परंतु तळलेले, खारट पदार्थ हे त्या पक्ष्यांचे अन्न नव्हे. त्याने पोट बिघडते आणि अन्न शोधण्याची सवयही सुटते. ज्याला त्याचे अन्न त्याच्या जागी मिळत राहील अशी व्यवस्था राखणे, हे अधिक मोठे अन्नदान आहे. तेच पैसे एखाद्या खाडीकिनाऱ्याच्या स्वच्छतेस लागले, तर ते खऱ्या अर्थाने पात्री पडतील.

ज्यांना हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी मुंबईच्या नातलगांकडे गेल्यावर मुलांना घेऊन ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रास भेट द्यावी. तेथून वनविभागाच्या बोटीतून खाडीत जाता येते. भरती-ओहोटीची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी.

आणि इतक्या दूर जाण्यापूर्वी आपल्या अंगणाकडेही पाहावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मधमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ ठरले. चक्रवाक, क्रौंच, चमचा अशा दोनशेहून अधिक जातींचे पक्षी तेथे दिसतात. हे अभयारण्य नाशिक शहराच्या खाली, नदीच्या वाटेवर आहे. रामकुंडापासून पुढे नदीत जे मिसळते, ते त्याच दिशेने जाते. पानवेलींचे हिरवे गालिचे ही त्याचीच पोचपावती.

वैतरणेचे पाणी पश्चिमेस गेले, गोदावरीचे पूर्वेस. दोहोंच्या वाटेवर कोणीतरी पाहुणा चोच बुडवून उभा आहे. पाणी उशाला असलेल्या गावाने आपण वरच्या अंगाला राहतो, हे विसरू नये. खालच्या अंगाला राहणाऱ्याची चोपडी आपणच लिहीत असतो.