चूक दाखवावी कशी?

परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला गलतीकरांच्या पत्राचा सहावा अध्याय घेतला. चुकलेल्या माणसाला सौम्यपणे सावरून घ्यावं आणि तसं करताना स्वतःलाही सांभाळावं, असं पौल तिथे सांगतो. पुढचा उपदेश मी ऐकलाच नाही. डोळ्यांसमोर वीसेक वर्षांपूर्वीची आमच्या मंडळीची वार्षिक सभा उभी राहिली.

मी तेव्हा पंच कमिटीवर नवा. तिशीतला, हिशोबात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं माहीत असलेला. हंगामाच्या सणाला वस्तूंचा लिलाव होतो ना, त्याच्या पावत्या आणि बँकेतली रक्कम जुळेना. खजिनदार म्हणजे मंडळीतलेच एक शिक्षक. घरात मोठं आजारपण आलं तेव्हा त्यांनी ते पैसे वापरले होते आणि दरमहा थोडे थोडे परत भरत होते. हे मला नंतर कळलं. एकदा घरी जाऊन विचारलं असतं तर आधीच कळलं असतं. मी विचारलं नाही. सभेत कागद घेऊन उभा राहिलो आणि आकडे वाचून दाखवले. आकडे बरोबर होते हो, एकही चुकला नव्हता!

ते उठून फक्त 'खरं आहे' म्हणाले. उरलेले पैसे दोन महिन्यांत भरले आणि चर्चला येणं सोडलं. त्यांच्या पत्नी मात्र येत राहिल्या. मागच्या बाकावर बसायच्या, प्रभुभोजनाला सगळ्यांच्या शेवटी उठायच्या. त्या सभेनंतर माझी पाठ थोपटणारे पुष्कळ होते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिलाय. आधी एकट्याने जायचं, मग एक-दोघांना घेऊन, आणि तरीही ऐकलं नाही तरच मंडळीपुढे. आपल्याकडे तो नेमका उलटा चालतो. आधी गावाला कळतं, आणि ज्याची चूक त्याला सगळ्यात शेवटी. शिवाय या सूचनेच्या अलीकडे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि पलीकडे पेत्राचा 'किती वेळा क्षमा करू' हा प्रश्न. आम्ही कमिटीवाले अलीकडचं-पलीकडचं सोडून मधलं तेवढं नियमावलीसारखं वाचतो.

गलतीकरांच्या पत्रात 'सावरून घेणे' यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तोच मत्तयाच्या चौथ्या अध्यायात जब्दीची मुलं जाळी नीट करत होती तिथे आलाय. फाटलेलं जाळं कोळी काठावर सगळ्यांना दाखवत फिरत नाही. मांडी घालून बसतो आणि एकेक गाठ मारतो, कारण उद्या त्याच जाळ्यावर पोट असतं.

नाथान संदेष्ट्याचं मला फार कौतुक वाटतं. दाविदाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला युद्धात मारवलं. अशा राजाला सांगायचं म्हणजे जिवाशी खेळ. नाथानाने गोष्ट सांगितली, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची. निकाल राजाच्याच तोंडून वदवला आणि मगच बोट दाखवलं. पण सौम्य म्हणजे गुळमुळीत नव्हे. परिणामही त्याने तोंडावरच सांगितले. पुढे दाविदाला बथशेबेपासून झालेल्या एका मुलाचं नाव नाथान होतं. संदेष्ट्यावरून ठेवलं असं कुठे लिहिलेलं नाही, पण मला आपलं तसंच वाटतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं झाकून ठेवायचं? मुळीच नाही. अंत्युखियात पेत्राचं वागणं चारचौघांत चुकलं, तेव्हा पौलाने त्याला चारचौघांतच सुनावलं. आणि जिथे लेकराला किंवा बाईला इजा होतेय तिथे 'एकट्याने जाऊन समजवा' हा मार्गच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणं 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे 'क्षमा करा, मंडळीची बदनामी होईल' म्हणणाऱ्यांना मी प्रेमळ म्हणणार नाही. ते भित्रे आहेत.

असो. मला स्वतःला सावरलं ते मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिच्यावर खेकसायचो. मावशी एकदा आल्या, आईचे केस विंचरून दिले, आणि निघताना फाटकापाशी हळूच म्हणाल्या, "बाबा, दमलायस तू. दुपारचं मी येत जाईन." बस्स, एवढंच. महिनाभर आल्या. माझा आवाज आपोआप खाली आला.

तर सोमवारी संध्याकाळी मी त्या शिक्षकांच्या घरी गेलो. आता निवृत्त आहेत, थकलेत. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग मी कसंबसं बोललो. ते बराच वेळ गप्प होते.

"तेव्हा आला असतास तर वही दाखवली असती," म्हणाले. "कोणत्या महिन्यात किती भरले, सगळं लिहिलेलं आहे. अजून आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "आता दाखवता का?"

वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. शनिवारी ये, म्हणाले, काढून ठेवतो.