परिषदा उदंड, साधनांचे काय?

डोंबिवली - मराठ्यांच्या लष्करी वारशाची साक्ष देणाऱ्या १२ किल्ल्यांचा समावेश ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यानंतर या इतिहासावरील चर्चासत्रांना उधाण येणे स्वाभाविक आहे. यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले आहेत. डोंबिवलीशेजारचा कल्याणचा दुर्गाडी मात्र नाही. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर मराठी आरमाराची मुहूर्तमेढ याच खाडीकाठी रोवली गेली. त्या जहाजबांधणीचा माग पोर्तुगीज कागदपत्रांत लागतो. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी अशा कागदांवर हयात वेचली. आज मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे अभ्यासक किती, हा प्रश्न व्यासपीठावर क्वचितच विचारला जातो.

परिषदांची संख्या वाढण्यामागे ज्ञानलालसेबरोबर व्यवहारही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधवाचनाला गुण दिले : आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी १०, राष्ट्रीयसाठी साडेसात. साहजिकच दहा मिनिटांत निबंध उरकून प्रमाणपत्र घेणाऱ्यांची रांग लागली. नियम पुढे बदलले, सवय राहिली.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. लष्करी, प्रादेशिक आणि संगीताच्या इतिहासाची दालने वेगवेगळी पडली आहेत. वास्तविक अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा या तिन्ही दालनांचा आहे. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यामुळे शब्द टिकले. पण पोवाडा ही गाण्याची चीज! रणवर्णन कोणत्या लयीत सादर होई, हे शाहिरांच्या परंपरेकडूनच समजून घ्यावे लागेल आणि शाहिराला आपण बोलावतो ते उद्घाटनापुरते.

विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तेव्हा गवई आणि पंडित समोरासमोर बसले. पुढे १९२४ व १९२५च्या लखनौ परिषदांतून १९२६मध्ये तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत छापून अभ्यासकांच्या हाती दिल्या, हे वेगळेच. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०नंतरच्या अवघ्या काही वर्षांत काढले.

फेब्रुवारी २०१७मध्ये ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या डोंबिवलीत सभागृहांची वा श्रोत्यांची वानवा नाही. येथे दुर्गाडीवर परिषद झालीच, तर निबंधांची संख्या कमी करून एक दिवस मोडी व पोर्तुगीज कागदांच्या वाचनाला द्यावा, आणि शाहिरांचे गायन ध्वनिमुद्रित करून ठेवावे. त्याचा खर्च स्मृतिचिन्हे आणि भोजनाच्या पंगतीतून सहज निघेल.