रास्त भाव : कोणासाठी?

‘रास्त भाव’ हे शब्द आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. रेशनच्या दुकानावर तशी पाटीच असते. रास्त म्हणजे न्याय्य. पण न्याय्य कोणाला, असे कोणी विचारले तर आपले उत्तर ठरलेले आहे : घेणाऱ्याला. ज्याने ती वस्तू पिकवली किंवा घडवली, त्याला तो भाव रास्त पडतो की नाही, हा विचार या शब्दांबरोबर आपल्या मनात सहसा येत नाही.

वास्तविक नाशिककरांना तरी तो यायला हवा. कारण १९८० साली याच जिल्ह्याने हा शब्द दुसऱ्या बाजूने उच्चारला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि ऊस यांना उत्पादन खर्चावर आधारित भाव मागितला. शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर येऊन बसले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकऱ्यांचे प्राण गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा होती. पुढे १९८८ मध्ये हॉलंडमध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर ‘न्याय्य व्यापारा’चा शिक्का मारून ती दुकानांत विकायला सुरुवात झाली. अशा व्यापारात पिकवणाऱ्याला एका ठरावीक किमतीची हमी असते आणि गावाच्या कामासाठी वर थोडी रक्कम मिळते. आज जगात या कल्पनेचे मोठे कौतुक होते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र आपल्या जिल्ह्याने आधीच विचारला होता, आणि त्याची किंमतही मोजली होती.

उत्तर अजून मिळालेले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला. हातात आले १०६४ रुपये. ते त्याने मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिले. बी, रोप, लागवड, खुरपणी, काढणी, गाडीभाडे हे सगळे किलोमागे दीड रुपयाच्याही आत बसवायचे कसे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सांगावे! लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॉली लिलावाला उभी राहते आणि चार-दोन मिनिटांत चार-पाच महिन्यांच्या श्रमाचा निकाल लागतो. भाव पटला नाही म्हणून लाल कांदा घरी परत नेता येत नाही, कारण तो टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. पण चाळ ज्याच्यापाशी आहे आणि डोक्यावर उसनवारी नाही, त्यालाच थांबणे परवडते. कांद्याला गहू-तांदळासारखा हमीभावही नाही.

उलट, कांदा महागला की सगळा देश खडबडून जागा होतो. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातील सत्तांतराला कांद्याच्या भावाचा हातभार लागला, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकार कांद्याला भिते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली. ती मे २०२४ मध्ये उठली, तरी ४० टक्के शुल्क राहिलेच. शुल्क पुरते जायला एप्रिल २०२५ उजाडला. भाव वाढला की दार लावायचे आणि पडला की बाजाराचा नियम सांगायचा, हा व्यवहार रास्त म्हणता येईल काय?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. शहरातला हमाल आणि धुणीभांडी करणारी बाईसुद्धा भाकरीबरोबर कांदाच खाते. तिला तो महाग का पडावा? पडू नयेच. परंतु तिच्या स्वस्ताईचा भार कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. रेशनच्या धान्याच्या बाबतीत आपण त्याचे उत्तर शोधले आहे : सरकार हमीभावाने घेते, गरिबाला स्वस्तात किंवा मोफत देते आणि मधला फरक सरकारी तिजोरी, म्हणजे आपण सगळे, सोसतो. कांद्याच्या बाबतीत तो फरक एकटा शेतकरी सोसतो. गरिबाचे नाव पुढे करून त्याच्याइतक्याच गरजू माणसाच्या खिशात हात घालायचा, आणि लाभ मात्र आपण पगारदारांनीही घ्यायचा, असा हा प्रकार आहे.

जिथे घेणारा गरीब नसतो, तिथे तर ही सबबही उरत नाही. येवल्याची पैठणी घ्या. रेशीम बंगळूरहून येते, जर सुरतेहून. येवल्याचे म्हणून जे असते, ते विणकराचे हात आणि डोळे. पदरावरचा मोर रंगारंगाच्या धाग्यांच्या छोट्या तिल्ल्या हाताने फिरवून विणायचा असतो. साध्या साडीला काही आठवडे, भरजरी पदराला कित्येक महिने लागतात, आणि कांड्या भरण्यात घरातली माणसेही राबतात. अनेक विणकर दुकानदाराच्या रेशमावर मजुरीने विणतात. त्यांच्याच शेजारी यंत्रमागाची नक्कल ‘अस्सल येवला’ म्हणून विकली जाते. हातमागाच्या पदराची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ असते, ही खूण घेणाऱ्यांपैकी किती जण पाहतात? लग्नातल्या मंडपावर लाखो रुपये उधळणारे आपण पैठणीपाशी आलो की ‘शेवटचे किती?’ असे विचारतो.

हीच गोष्ट गोदाकाठच्या बुधवारच्या बाजाराची. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे घेऊन येतात. त्यांच्या एका वाट्यावर आपण पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि त्याच पिशवीत छापील किमतीचा बिस्किटपुडा निमूटपणे टाकतो. कारखान्याशी घासाघीस करण्याची आपली छाती नाही. म्हणून ती आपण ज्याच्याशी करता येते त्याच्याशी करतो. याला आपण व्यवहारचातुर्य म्हणतो.

सगळा दोष व्यापाऱ्यावर लोटूनही भागणार नाही. माल निवडणे, साठवणे, दूर पोचवणे हेही कामच आहे. प्रश्न त्यातल्या वाट्याचा आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने द्राक्षांची निर्यात आणि टोमॅटोवरील प्रक्रिया आपल्या हाती घेऊन दाखवली आहे. तेथे माल देणारा शेतकरी कंपनीचा भागधारकही असतो. प्रत्येक पिकाला आणि प्रत्येक गावाला हे लगेच साधेल असे नाही. पण पिकवणाऱ्याने बांधावरच थांबावे, असा काही नियम नाही, एवढे त्यातून दिसते.

आपल्या महाविद्यालयात निफाड, येवला, दिंडोरी, सुरगाणा येथून आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. वसतिगृहाची फी अनेकदा त्या लिलावातूनच येते. अशा ठिकाणी तरी हा विषय परीक्षेतल्या ‘मागणी व पुरवठा’ या प्रश्नापुरता राहू नये. पाहुण्यांच्या सत्कारासाठी दरवर्षी शाली घेतल्या जातात. त्या हातमागाच्या आणि थेट विणकराकडून घेता येतील. स्नेहसंमेलनाच्या जेवणात सुरगाण्याची नागली येऊ शकेल, आणि ती पिकवणाऱ्याला किती मिळाले हे फलकावर लिहिता येईल. एवढ्याने लासलगावचा भाव बदलणार नाही, हे खरे. परंतु ‘केवढ्याला पडले?’ याबरोबर ‘करणाऱ्याला किती मिळाले?’ हेही विचारायची सवय आपल्या पिढीला लागली, तर दुकानावरच्या त्या पाटीचा अर्थ निदान अपुरा राहणार नाही.