डोळ्यांदेखत चाललेली हानी

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळी अक्षरे धूसर होणे, मध्येच पाण्याची धार लागणे, या तक्रारी वसई-विरारच्या घराघरांत ‘जागरणाने होतं’ एवढ्यावर निकालात निघतात. पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, हा समज त्याहून घातक. पापण्यांच्या कडेच्या सूक्ष्म ग्रंथींतून स्रवणारे तेल अश्रूंवर पसरते आणि त्यांचे बाष्पीभवन रोखते. ते आटले की बुबुळ उघडे पडते. त्या दाहावर डोळा ओततो ते पाणी क्षणभरही टिकत नाही. दीर्घ दुर्लक्षाने झिजलेल्या या ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाहीत.

कोरड्या डोळ्यांची ही व्याधी शहराच्या दिनक्रमातच रुजली आहे. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या या महानगरातील नोकरदार अंधारात उठून लोकल गाठतो आणि रात्री उशिरा परततो. झोप तुटते, तसे अश्रूही आटतात. विरारपासून चर्चगेटपर्यंत एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर नजर खिळवायची. मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी तेव्हा निम्म्यावर येते आणि तीही अर्धवट मिटते. पुढे दिवसभर वातानुकूलित कार्यालयाची कोरडी हवा. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत राबणाऱ्यांच्या वाट्याला धूळ आणि धूर.

त्यात आहाराची आबाळ. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री तळलेले काहीतरी. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक स्त्रिया पाणी पिण्याचेच टाळतात. अशा जगण्यातून बळावणारा मधुमेह बुबुळाच्या नसा बधिर करतो आणि अश्रूंचा स्राव घटवतो. हे घडते ते भाजी-केळीच्या वाड्यांच्या आणि अर्नाळा-नायगावच्या तारली-बांगड्यांच्या वसईत! हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हजारो वसईकर रस्त्यावर उतरले होते. त्या हिरवाईवर इमले चढवणाऱ्यांनी शहराच्या ताटातली भाजीही उचलली. सकस आहाराची भरपाई कॅप्सूलने होईल, या भ्रमात कोणी राहू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील कोरड्या डोळ्यांच्या ५३५ रुग्णांच्या वर्षभराच्या चाचणीत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाहून सरस ठरल्या नाहीत. औषधाच्या दुकानातून जीवनशैली विकत मिळत नाही.

याच पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोरडेपणाचे अधिक क्रूर रूप संभवते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्याचा पांढरा भाग सुकतो आणि अखेर बुबुळच विरघळते. ते टाळण्यासाठी मुलांना पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीने कुपोषणाचे बळी दिले आणि २०१६ मध्ये मोखाड्याने पुन्हा तेच पाहिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला, मुख्यालयाची देखणी वास्तू उभी राहिली. कुपोषण मात्र हटले नाही.

डोळ्यांच्या या उपेक्षेची किंमत चढत जाते. चुरचुर असह्य झाली की रुग्ण दुकानातून स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीविना घेतो; लाली ओसरते आणि काचबिंदू व मोतीबिंदूला वाट मोकळी होते. कोरड्या बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर व्रण, व्रण भरला तरी कायमचा डाग. मग चालकाचे चाक सुटते, शिलाई करणारीची सुई थांबते, कुटुंबाचा घास तुटतो.

उपाय महाग नाहीत. खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवलेली कागदाची पट्टी किती भिजली, यावरून अश्रूंचा स्राव मोजता येतो. ही तपासणी महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात झालीच पाहिजे. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीविना विकणाऱ्यांचे परवाने रद्द करा, कारखान्यांत संरक्षक चष्मे सक्तीचे करा, स्थानकांवर स्वच्छतागृहे द्या, वसईच्या पश्चिम पट्ट्यातील उरलेली शेती वाचवा आणि अंगणवाडीतील एकही मात्रा चुकवू नका. घराघरांनीही रात्री मोबाइल वेळेवर खाली ठेवावा. आज कागदाच्या पट्टीचा खर्च टाळणारे प्रशासन उद्या नेत्रदात्याच्या बुबुळाची वाट पाहणाऱ्यांची रांग वाढवील. तिच्यात उभ्या असलेल्या कमावत्या माणसांना महापालिका आणि जिल्हा प्रशासन कोणत्या तोंडाने उत्तर देणार आहे?