राखेचा भार कोणाच्या माथी?

औष्णिक विजेचा हिशेब मांडताना कोळसा, यंत्रे आणि वेतन यांची किंमत धरली जाते; राखेची मात्र फारशी कोणी धरत नाही. ती केंद्राभोवतालची गावे मोजतात. भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४० टक्के राख असते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी येथील केंद्रांनी वर्षानुवर्षे तिचे डोंगर आणि तळी उभी केली. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले. ज्यांना या विजेचा विशेष लाभ नाही, त्यांच्याच जमिनीवर तिचा मळ साचला.

वास्तविक ही राख निरुपयोगी नाही. ती मातीपेक्षा हलकी असल्याने मऊ जमिनीवरील भरावाचा भार कमी होतो. योग्य प्रमाणात पाणी मारून थराथराने दाबली, तर रस्त्याचा व पुलाच्या पोचमार्गाचा भराव तिच्यावर भक्कम उभा राहतो. दिल्लीत ओखला व निजामुद्दीन येथे १९९० च्या दशकातच हे सिद्ध झाले. पावसात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती चुना व राख मिसळून स्थिर करता येते. शिवाय भरावासाठी टेकड्या आणि गायराने खोदून काढला जाणारा मुरूम वाचतो, हा लाभ वेगळाच.

मग अडते कोठे? कायद्याची उणीव नाही. १९९९ च्या अधिसूचनेपासून राखेच्या वापराची सक्ती आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापराचे बंधन घालून न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई ठरविली. परंतु खाणीचे खड्डे व सखल जमिनी भरणे हाही ‘वापर’च गणला जातो. शास्त्रशुद्ध बांधलेला भराव आणि गावाच्या विहिरीशेजारी ओतलेले ढीग टक्केवारीच्या तक्त्यात सारखेच दिसू शकतात. राखेत जड धातूंचे अंश असतात. भूजलापासून अंतर, निचरा आणि बाजूंवर मातीचे आच्छादन नसेल, तर उपयोगाचा उपद्रव होतो. हे सारे खर्चाचे काम, आणि नफ्यासाठी काम करणारा कंत्राटदार नेमका येथेच हात आखडता घेतो.

‘टाकाऊतून संपत्ती’ ही घोषणा आकर्षक आहे; पण संपत्ती कंत्राटदाराची, धूळ मजुराच्या छातीत आणि वाहतुकीचा खर्च ग्राहकाच्या वीजबिलात, अशी वाटणी होणार असेल, तर समाजवाद्यांनी तिला विरोधच केला पाहिजे. राखेच्या वापराला नव्हे, या वाटणीला.

म्हणून केंद्रांच्या परिसरातील कार्यकर्त्यांनी चार मागण्या धराव्यात. राखेच्या प्रत्येक गाडीची नोंद ग्रामपंचायतीस मिळावी. भरावाच्या परिसरातील विहिरींची तपासणी कामापूर्वी व नंतर व्हावी आणि तिचा अहवाल मराठीतून ग्रामसभेत वाचला जावा. राख हाताळणाऱ्या कंत्राटी मजुरांची नियमित छातीतपासणी व्हावी. राखेच्या विटा करण्यासाठी प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी संस्थांना राख अग्रक्रमाने मिळावी. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. तो वापरावयास वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी आपल्या तालुक्यातील राखेच्या बंधाऱ्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढा एक अर्ज प्रत्येक शाखेने अवश्य करावा.