डीपीएफ काढलात, काजळी कुणाच्या वाट्याला?

'डीपीएफ काढा, रीमॅप मारा, गाडी नुसती पळते!' गॅरेजमध्ये हे राजरोस चालतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल कारला काजळी अडवणारा हा फिल्टर आला. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तो तुंबतो, मान्य. हायवेवर सलग चालवली की काजळी जळते. पण आपल्याला पिकअप हवा!

डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. तो मागच्या स्कूटरवाल्याने का गिळायचा? कायद्यात दंड आहे, पण पीयूसीला फक्त धुराची घनता मोजतात. फिल्टर जागेवर आहे का, हे कोण बघतो? माझं म्हणणं एवढंच: फिल्टर नाही, तर पीयूसी नाही.