प्रेक्षकच जेव्हा प्रक्षेपक होतात

पीअर-टू-पीअर जाळ्यावरून, म्हणजे प्रेक्षकांच्याच संगणकांनी एकमेकांना चित्र पुरवून, थेट प्रक्षेपण भरवशाने होऊच शकत नाही, असे आता जाणकारही म्हणू लागले आहेत. त्यांचा पूर्वपक्ष असा: बघणारा कधीही निघून जातो, चित्र उशिरा पोचते, आणि मोबाइलवरच्या प्रेक्षकाकडे दुसऱ्याला द्यायला फारसे काही नसते. या तिन्हींत तथ्य आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

बघणारा निघून गेल्याने घात व्हायचा तो जुन्या, झाडासारख्या रचनेत. वरच्याने खालच्याला द्यायचे, त्याने आणखी खालच्याला. मधला एक संगणक बंद पडला की त्याखालच्या सगळ्यांचे चित्र थांबे. हाँगकाँगच्या संशोधकांनी 2004 साली कूलस्ट्रीमिंग आणले, त्यात हे झाडच नव्हते. प्रवाहाचे लहान तुकडे करायचे, कोणता तुकडा आपल्याकडे आहे हे शेजारच्या संगणकांना कळवत राहायचे, आणि हवा तो तुकडा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागवायचा. एक गेला तर दुसरा असतोच. चीनच्या पीपीलाइव्ह या सेवेने याच धर्तीवर 28 जानेवारी 2006 रोजी, चिनी नववर्षाच्या पूर्वसंध्येला, दोन लाखांहून अधिक प्रेक्षक एकाच वेळी सांभाळले. एकूण प्रवाह सेकंदाला 100 गिगाबिटच्या घरात होता, आणि त्यातला बहुतेक भार प्रेक्षकांच्याच संगणकांनी उचलला. ज्याला लोक अशक्य म्हणतात, ते वीस वर्षांपूर्वी होऊन गेले आहे.

विलंबाचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. पीअर-टू-पीअर पद्धतीच्याच बिटटोरेंटवर फाइल उतरवताना तुकडे कोणत्याही क्रमाने आले तरी चालतात. थेट प्रक्षेपणात वेळ टळलेला तुकडा वाया जातो. म्हणून आधी थोडा साठा करावा लागतो, आणि चित्र मागे पडते. क्रिकेटच्या सामन्यात हे खटकेल, व्हिडिओ कॉलमध्ये तर चालणारच नाही. पण व्याख्यान अर्ध्या मिनिटाने ऐकले म्हणून श्रोत्याचे काय गेले?

मोबाइलचा मुद्दा सर्वांत भक्कम. प्रेक्षकांची सरासरी अपलोड क्षमता प्रवाहाच्या वेगाहून कमी असेल, तर केवळ प्रेक्षकांच्या बळावर जाळे चालणार नाही. हे साधे गणित आहे. पण सर्व्हर काढून टाका, असे म्हणतो कोण? फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेच्या पीअरट्यूब या व्हिडिओ-प्रणालीत जानेवारी 2021 पासून थेट प्रक्षेपण आहे. तिथे शेजाऱ्याकडून तुकडा वेळेत आला नाही, तर प्लेअर तो सर्व्हरकडून घेतो. भरवसा सर्व्हरचा, बचत प्रेक्षकांमुळे. प्रत्येकी 2 मेगाबिटने 500 जण पाहत असतील तर सर्व्हरवर सेकंदाला 1 गिगाबिटचा भार येतो. निम्मे तुकडे आपसांत फिरले तरी तो अर्ध्यावर उतरतो. एक धोका मात्र खरा आहे: देवाणघेवाण करणाऱ्यांना एकमेकांचे आयपी पत्ते दिसू शकतात. ज्याला ते नको, त्याला ही सोय बंद करता आली पाहिजे, आणि पीअरट्यूबमध्ये ती करता येते.

मोठ्या कंपन्यांची सर्व्हरची जाळी कोट्यवधी प्रेक्षक पेलतात, याबद्दल वाद नाही. पण लहान संस्थेला तेवढी क्षमता भाड्याने परवडत नाही. मग ती फुकटच्या मंचावर जाते, आणि कार्यक्रम कधी बंद करायचा, मध्ये कोणती जाहिरात लावायची, हे तिसराच कोणी ठरवतो. व्याख्यानमाला, नाट्यसंस्था, संगीत सभा चालवणाऱ्यांनो, पुढचा कार्यक्रम नेहमीच्या मंचाबरोबर पीअरट्यूबवरूनही दाखवून पाहा.